पोट मोठं, वाट लांब

रानातला पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. गवत, बांबू, झाडाची साल, मुळं, कोवळ्या फांद्या, फळं असं सगळंच त्याला चालतं. पण खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमीच अंगी लागतं. उरलेलं जेमतेम पचलेल्या अवस्थेत लिदीवाटे बाहेर पडतं. गाईगुरं चारा आधी पोटात आंबवतात, मग सवडीने रवंथ करतात आणि त्यातलं सत्त्व जमेल तितकं काढून घेतात. हत्ती रवंथ करत नाही. त्याचा चारा आंबतो तो जठराच्याही पुढे, मोठ्या आतड्यात, आणि तिथून लवकरच बाहेर जातो. या पद्धतीत नासाडी फार, पण एक सोयही आहे. चारा निकस असला तरी भरपूर खाऊन भागवता येतं. उन्हाळ्यात गुरांनी ज्याला तोंड लावलं नसतं अशा वाळक्या, धाग्याधाग्यांच्या काड्यांवर हत्ती तग धरतो तो याच हिशोबावर.

हा हिशोब पुरा करायला दिवसातले सोळा-अठरा तास चरण्यात जातात. झोपेला वेळ उरतो तो थोडाच. बोत्स्वानातल्या चोबे भागात दोन हत्तिणींच्या सोंडेत झोप मोजणारी यंत्रं बसवली होती. त्या दोघी दिवसाला सरासरी दोनच तास झोपत असल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. झोपण्याची जागाही त्या जवळपास रोज बदलत होत्या.

एका जागी राहून इतकं खाणं शक्यच नाही. दहा-वीस हत्तींचा कळप एखाद्या खोऱ्यात ठाण मांडून बसला, तर थोड्याच दिवसांत ते खोरं ओरबाडलं जाईल. म्हणून हत्ती चालतो. दक्षिण भारतात एकेका कळपाचा वावर शेकडो चौरस किलोमीटरांत असतो. कोणत्या महिन्यात बांबूचे कोंब फुटतात, कोणत्या पाणवठ्याला वैशाखातही पाणी असतं, वणव्यानंतर कोवळं गवत आधी कुठे येतं, हे ज्याला माहीत तो कळप जगतो. हत्तीच्या जगण्यात पोटाइतकीच ठाव-ठिकाण्यांची माहिती महत्त्वाची आहे, आणि ती माहिती कुणाकडे असते हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

चालताचालता हत्ती जंगलाचीही पेरणी करतो. न पचलेल्या लिदीत अखंड बिया असतात आणि त्या मूळ झाडापासून कित्येक किलोमीटर दूर पडतात. उत्तर बंगालमधल्या बक्सा व्याघ्र प्रकल्पात चालता नावाच्या झाडाचा अभ्यास झाला. त्याची टणक, मोठी फळं सगळ्यात जास्त दूर नेतो तो हत्तीच. फळ जमिनीवर पडून मऊ झालं की लहान प्राणीही ते खातात, पण हत्तीची उणीव त्यांच्याने पुरती भरून निघत नाही.

दाढा, पाय आणि सोंड

इतकं खरखरीत खाणं चावायचं तर दाढा झिजणारच. आपल्याला दुधाचे दात पडले की एकदाच नवे येतात. हत्तीला आयुष्यभरात दाढांचे सहा संच येतात. नवी दाढ हिरडीतून वर येत नाही. ती जबड्यात मागून पुढे सरकत येते आणि झिजलेली दाढ पुढच्या टोकाला तुकडे होऊन पडून जाते. प्रत्येक संच आधीच्यापेक्षा मोठा असतो. सहावा आणि शेवटचा संच साठीच्या आसपास झिजत येतो. मग हत्ती ओल्या, मऊ गवताच्या शोधात पाणथळ जागी जास्त राहू लागतो आणि पुढे तेही चावता येईनासं झालं की खंगतो. माणसाच्या गोळीपासून आणि रेल्वेच्या रुळांपासून बचावलेल्या रानहत्तीच्या आयुष्याची मर्यादा बरीचशी या शेवटच्या दाढेने ठरते.

चार-पाच टनांचं धूड पेलणाऱ्या पावलाची रचनाही पाहण्यासारखी आहे. बाहेरून सपाट दिसणाऱ्या या पावलात हाडं तिरकी उभी असतात. उंच टाचेचा जोडा घातल्यासारखा हत्ती बोटांवर चालतो, आणि टाचेखालच्या पोकळीत चरबीची जाड गादी असते. पाऊल टेकलं की गादी पसरते, उचललं की आवळते. म्हणूनच एवढा मोठा प्राणी पाचोळ्यावरून चालत गेला तरी फारसा आवाज होत नाही. हत्ती उडी मारू शकत नाही आणि घोड्यासारखा चौखूर उधळतही नाही. थायलंडमधल्या हत्तींच्या चित्रफिती तपासून 2003 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की तो ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, पण तेव्हाही चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत नाहीत. माणसाला गाठायला हा वेग पुरेसा आहे, हे हत्तीच्या मुलखात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ यांचा मिळून झालेला अवयव. तिच्यात एकही हाड नाही, आहेत ते स्नायूंचे हजारो जुडगे. लांबीला समांतर, आडवे आणि तिरके असे हे जुडगे हवे तसे आवळून हत्ती ओंडका उचलतो आणि जमिनीवर पडलेलं एखादं फळही टिपतो. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला एक बोटासारखा उंचवटा असतो, आफ्रिकी हत्तीला दोन. आफ्रिकी हत्ती चिमटीत धरतो, आपला हत्ती वस्तूला सोंडेचं टोक गुंडाळून घेतो. पाणी सोंडेत ओढून तोंडात सोडायचं कसब पिल्लाला जन्मतः येत नाही. पहिले काही महिने सोंड त्याला नुसती लोंबती अडचण वाटत असावी असंच त्याचं वागणं असतं, आणि पाणी ते गुडघे टेकून तोंडाने पितं.

सोंडेचं खरं बळ मात्र वासात आहे. वास ओळखणारी सुमारे दोन हजार जनुकं आफ्रिकी हत्तीत सापडली. माणसात ती चारशेच्या घरात आहेत, आणि कुत्र्यातही हत्तीच्या निम्म्याहून कमी. सोंड उंच करून वाऱ्याचा अंदाज घेणारा हत्ती पाण्याची, पिकाची, परक्या हत्तीची आणि माणसाची खबर एकाच श्वासात घेत असतो.

आपल्याला न ऐकू येणारी भाषा

हत्तींचे कळप एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर, मध्ये दाट झाडी असताना, एकाच वेळी दिशा बदलतात हे शिकाऱ्यांनी आणि वनाधिकाऱ्यांनी पूर्वीच पाहिलं होतं. त्याचं कारण 1984 मध्ये हाती लागलं. देवमाशांच्या गाण्याचा अभ्यास केलेल्या केटी पेन अमेरिकेतल्या पोर्टलंड प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना त्यांना हवेत थरथर जाणवली, आवाज मात्र काहीच नव्हता. लहानपणी चर्चमधल्या ऑर्गनचे खालचे सूर लागताना अशीच थरथर जाणवायची, हे त्यांना आठवलं. ध्वनिमुद्रण करून तपासलं तेव्हा हत्ती आपल्या श्रवणशक्तीच्या खालच्या पट्टीत बोलत असल्याचं सिद्ध झालं.

खर्जातले असे ध्वनी झाडाझुडपांनी फारसे अडत नाहीत. आफ्रिकेच्या माळरानावर सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा थंड होते, वरची गरम राहते आणि त्या दोन थरांत आवाज कोंडून दूरवर जातो. अशा अनुकूल संध्याकाळी हत्तीची साद दहा किलोमीटरपर्यंत पोचू शकते. हाच आवाज जमिनीतूनही जातो आणि पावलांतून हत्तीला कळतो, हे नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात केटलिन ओकॉनेल यांच्या प्रयोगांतून दिसलं. 2024 मध्ये केनियातल्या हत्तींच्या हाकांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यानुसार हत्ती एकमेकांना नावासारख्या वेगवेगळ्या हाकांनी बोलावतात. ध्वनिमुद्रित हाक ऐकवली, तर ती ज्याच्यासाठी होती तो हत्ती इतरांच्या हाकेपेक्षा तिला चटकन प्रतिसाद देतो.

म्होरकी

हत्तीचं कुटुंब मादीप्रधान असतं. आई, तिच्या मुली, बहिणी, भाच्या आणि सगळ्यांची पिल्लं. पिल्लू सुमारे 22 महिने पोटात वाढतं. जिवंत सस्तन प्राण्यांत इतकं लांब गर्भारपण दुसऱ्या कुणाचं नाही. जन्मतः ते शंभर किलोच्या आसपास असतं. पुढे दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, ते आईचं दूध पितं. या काळात आईच्याच नव्हे, तर मावश्या आणि थोरल्या बहिणींच्याही पायांत वावरतं. चारा पचवणारे सूक्ष्मजीव आपल्या आतड्यात यावेत म्हणून मोठ्यांची लीदही खातं. दोन बाळंतपणांत चार-पाच वर्षांचं अंतर असतं. त्यामुळे हत्तींची संख्या एकदा घटली की भरून यायला माणसाच्या पिढ्या जातात.

केनियातल्या अंबोसेली इथे सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये एकेक हत्ती ओळखून त्याच्या कुटुंबाची नोंद ठेवायला सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे. कुठल्या हत्तिणीचं वय किती, तिची आई कोण, तिची किती पिल्लं जगली, हे तिथे माहीत असल्यामुळेच म्हातारपणाचा उपयोग काय, हा प्रश्न विचारता आला. कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळपांना अनोळखी हत्तींच्या ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. म्होरकी वयस्क असेल तर कळप परक्याची हाक बरोबर ओळखून एकवटायचा, ओळखीच्याची हाक असेल तर निवांत राहायचा. म्होरकी तरुण असेल तर ऊठसूट धास्तावायचा. वयस्क म्होरकीच्या कळपात दर मादीमागे पिल्लंही जास्त होत होती. हे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सिंहांच्या डरकाळ्या ऐकवल्या. सिंह किती आहेत हे सगळ्याच कळपांना कळत होतं, पण नर गुरगुरतोय की मादी हे साठी ओलांडलेल्या म्होरकींना सर्वांत चांगलं उमजायचं. एकटा नरही हत्तीचं पिल्लू पाडू शकतो, म्हणून हा भेद जिवाचा असतो. याच भागात माणसांचे आवाज ऐकवले, तर मसाई पुरुषाच्या आवाजाने हत्ती सावध होत, कांबा जमातीच्या पुरुषाच्या आवाजाने तितके होत नसत. मसाई गुराखी कधीकधी हत्तींना भाले मारतात. मसाई बाया आणि पोरांच्या आवाजाचंही त्यांना तेवढं भय नव्हतं.

या जाणतेपणाची परीक्षा टांझानियातल्या तारांगिरे इथे 1993 च्या दुष्काळात झाली. अभ्यासाखालच्या हत्तींतली 81 पैकी 16 पिल्लं नऊ महिन्यांत दगावली. एरवी वर्षाला शंभरात दोन जातात. पण हा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. काही कळप राष्ट्रीय उद्यान सोडून पाण्याच्या शोधात बाहेर पडले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. जो गट तिथेच थांबला त्याची हानी सर्वांत मोठी झाली. त्या गटातल्या वयस्क माद्या आधीच्या दशकांत सुळ्यांसाठी मारल्या गेल्या होत्या. याआधीचा तसा भीषण दुष्काळ 1958 ते 1961 मध्ये पडला होता. बाहेर पडलेल्या कळपांतल्या म्होरकींनी तो लहानपणी पाहिला असावा, आणि तेव्हा थोरल्या हत्तिणींच्या मागून तुडवलेली वाट त्यांना आठवली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

आफ्रिकेचं हे चित्र आपल्या हत्तींना जसंच्या तसं लावता येत नाही. श्रीलंकेतल्या उडावलावे इथे आणि कर्नाटकातल्या नागरहोळे-काबिनीच्या भागात झालेल्या अभ्यासांत आशियाई कळप सैल आढळले. माद्या दोघी-चौघींच्या गटांत फिरतात, विखुरतात, पुन्हा भेटतात, आणि एकाच म्होरकीची हुकमत तितकी ठसठशीत नसते. जंगलात पाणी आणि चारा जास्त, सिंहांचे कळप नाहीत, मग सदासर्वदा एकत्र राहण्याची निकडही कमी. तरी उन्हाळ्यात काबिनी जलाशयाचं पाणी ओसरून काठावर हिरवळ उगवते तेव्हा हेच विखुरलेले गट तिथे गोळा होतात. कुठे आणि कधी यायचं, हे पिल्लांना आईच्या मागे चालूनच कळतं.

नर, मद आणि वडीलधारे

बारा-पंधरा वर्षांचा झाला की नर कळपातून बाहेर पडतो. पुढचं आयुष्य तो एकटा किंवा इतर नरांबरोबर काढतो. विशीनंतर त्याला वर्षातून काही आठवडे, मोठ्या वयात दोन-तीन महिनेही, मद येतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथी पाझरतात, लघवी सतत ठिबकते, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं. माजावर आलेल्या मादीच्या लघवीतलं एक रसायन सोंडेच्या टोकाने टिपून तो टाळूतल्या खास इंद्रियाला लावतो. हेच रसायन अनेक जातींचे पतंग नराला बोलावण्यासाठी वापरतात, हे 1996 मध्ये उघड झालं. आपल्याकडे मद हजारो वर्षं माहीत आहे. आफ्रिकी हत्तीला मात्र मद येतच नाही असा समज होता. जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी 1981 मध्ये तो खोटा ठरवला.

नर एकलकोंडा असला तरी त्यालाही वडीलधारे लागतात. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी हत्ती मारले गेले आणि अनाथ झालेली पिल्लं पिलानेसबर्ग अभयारण्यात नेऊन सोडली. ती वयात आल्यावर त्यांतल्या नरांना नेहमीपेक्षा लवकर आणि लांबलचक मद येऊ लागला. 1992 ते 1997 या काळात त्यांनी चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. 1998 मध्ये क्रूगरमधून सहा मोठे नर आणून सोडले. थोराड नर समोर उभा राहिला की तरुणाचा मद ओसरतो. थोड्याच दिवसांत गेंडे मरायचे थांबले.

सुळ्यांसाठीची शिकार आधी अशाच थोरांवर येते. आफ्रिकी हत्तीत नर-मादी दोघांना सुळे असतात, आशियाई हत्तीत सहसा फक्त नरांना, आणि सुळे नसलेल्या नराला मखना म्हणतात. मोझांबिकच्या यादवी युद्धात, 1977 ते 1992 या काळात, गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातले नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती मारले गेले. युद्धाआधी तिथे शंभरातल्या सुमारे अठरा माद्या बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर निम्म्या. सुळे नसलेल्या माद्या वाचल्या आणि त्यांनी तोच गुण मुलींना दिला. या गुणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि ते ज्या नरगर्भात येतं तो बहुधा जगत नाही. म्हणजे बंदुकीने एका पिढीत केलेली निवड पुढच्या पिढ्यांतल्या मुलग्यांचा जीव घेत राहते.

कोकणात आणि गडचिरोलीत

महाराष्ट्रात हत्ती म्हणजे परप्रांतातून आलेला पाहुणा, असं आपण धरून चालतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र हत्तींच्या प्रदेशांची प्रतवारी आहे. कलिंग-अंगाचे हत्ती उत्तम, सौराष्ट्राचे कनिष्ठ, आणि अपरान्ताचे, म्हणजे कोकणपट्टीचे, मध्यम. पुढे शतकानुशतकं इथे हत्ती नव्हते. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि नंतर चंदगड-आजऱ्याच्या बाजूलाही गेले. 2021 मध्ये छत्तीसगडमधून माद्या आणि पिल्लं असलेला कळप गडचिरोलीत आला. मुलखाच्या दोन टोकांना आता माड, केळी, भात, ऊस तुडवले जातात, घरं मोडतात, माणसं दगावतात.

पिकात हत्ती का शिरतो, याचं उत्तर रामन सुकुमार यांनी 1980 च्या दशकात कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरल्या जंगलात शोधलं. वाळक्या रानगवतापेक्षा नाचणीत आणि भातात प्रथिनं आणि क्षार जास्त मिळतात. दर हत्तीमागे पाहिलं तर पिकात नर माद्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात. अंगाने मोठा झालेला नर झुंज जिंकतो आणि पिल्लं पाठीशी नसल्याने धोका पत्करतो. अलीकडे दक्षिण भारतातल्या शेतीच्या मुलखात तरुण नरांच्या टोळ्या वर्षानुवर्षं एकत्र राहताना दिसल्या आहेत. जंगलात असं क्वचितच घडतं.

म्हणून सिंधुदुर्गातला एकटा टस्कर आणि गडचिरोलीतला पिल्लांसकट कळप हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कळपाला वाट दाखवणारं कुणीतरी असतं. त्याच्या येण्याजाण्याची जुनी वाट मोकळी ठेवली, तर तो पुढे सरकण्याची शक्यता असते. वाट रस्त्याने, कालव्याने, खाणीने तोडली की जाणती हत्तीणही चुकते. भारतात 2025 मध्ये लिदीतल्या डीएनएवरून केलेल्या मोजणीत रानहत्तींची संख्या 22,446 निघाली. आकडा महत्त्वाचा आहेच. पण 22 हजारांत किती म्हाताऱ्या हत्तिणी आहेत आणि किती थोराड नर, हे त्या आकड्यात दिसत नाही. हत्ती पकडून हलवताना किंवा दोन जंगलांमधली पट्टी कुणाला विकताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा. तारांगिरेतली पिल्लं आणि पिलानेसबर्गचे गेंडे मेले ते हत्ती कमी होते म्हणून नव्हे. कळपांत जाणती माणसं म्हणावीत अशा हत्तींना आपण आधीच काढून टाकलं होतं.